दर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक का खचतात, आणि खालची वाळू जाते कुठे

सोसायटीच्या आवारातले पेव्हर मे महिन्यात उचलून सारखे करायचे. ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा बशी झालेली, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच मिस्त्री आणि पुन्हा वाळूची गाडी. मुंबईत हे इतकं सवयीचं झालंय की पेव्हर म्हटलं की ते खचणारच, असं कमिटीवाले धरून चालतात. मुळात चांगल्या ब्लॉकला काहीच होत नाही. त्याच्या खालची वाळू निघून जाते किंवा तिच्याखालचा भराव बसतो. ती वाळू कुठे गेली हे न शोधता वरून नवी ओतली, तर तीही त्याच वाटेने जाणार. म्हणून दुरुस्तीचा पहिला दिवस फक्त शोधासाठी ठेवा.

खड्ड्याचा आकार बघा

शोधाची वेळ पावसाळाच. चांगली सर येऊन थांबली की अर्ध्या तासाने आवारात फिरा आणि जिथे पाणी साचलंय त्याच्या कडेने खडूने रेघ मारा. चार-पाच सरींनंतर त्याच रेघा पुन्हा पुन्हा जुळायला लागतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण ऑक्टोबरनंतर सगळं कोरडं पडलं की कुठे काय होतं यावर एकमत होत नाही.

गोल खोलगट भाग चेंबरला किंवा पावसाच्या पाइपला चिकटून असेल, तर वाळू वाहून जातेय. सरळ लांब पट्टा, दीड-दोन फूट रुंदीचा, म्हणजे खाली केबल, पाण्याची किंवा गॅसची लाइन टाकताना खणलेला चर. गाडीच्या चाकांएवढ्या अंतरावर दोन समांतर खोलगट पट्टे म्हणजे पाया वजनाला कमी पडतोय. कडेच्या दोन-तीन रांगा बाहेर सरकून फटी रुंदावल्या असतील तर कडेला आधार नाही. सगळं आवार हळूहळू, विशेष खड्डे न पडता, जोत्यापासून खाली गेलं असेल तर मूळ भरणीच बसतेय. चारकोप-गोराईकडे किंवा विक्रोळी-कांजूरच्या खाडीकडच्या बाजूला हे जास्त दिसतं, कारण तिथे भरावाच्या खाली मऊ खाजणाची चिकणमाती आहे. ती वर्षानुवर्षं बसत राहते आणि पेव्हरचं काम करून ते थांबत नाही. अशा ठिकाणी तर पेव्हरच बरा. कोबा तडकतो, पेव्हर उचलून पुन्हा बसवता येतो.

आकारावरून अंदाज आला की एक ब्लॉक उचला. दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर समोरासमोरच्या फटीत घालून, हलवत हलवत वर काढायचा. पहिला निघाला की शेजारचे हाताने निघतात. आता वाळूची जाडी मोजा. 30-40 मिमी असेल तर ठीक. 70-80 मिमी लागली, तर याआधीच्या दुरुस्त्यांमध्ये खड्डा वाळूनेच भरला गेलाय आणि तेच एक कारण झालंय, कारण जाड वाळू चाकाखाली बाजूला सरकते. वाळू चिखलासारखी काळपट आणि बोटांना चिकटणारी असेल तर ती वाळू नाही, कच आहे, म्हणजे खडी फोडताना निघणारी भुकटी. आणि ब्लॉकच्या खाली वाळूच नसून पोकळी लागली, तर बॅटरी लावून तिचं तोंड कुठल्या दिशेला जातं ते बघा.

चेंबरभोवतीची बशी

आवारातले बरेचसे खड्डे चेंबरच्या आसपास असतात, म्हणून इथे थोडं थांबू.

चेंबर विटांचं असतं. आतून गिलावा केलेला असतो, बाहेरून बहुतेक वेळा काहीच नाही, कारण बाहेरची बाजू मातीत जाणार म्हणून कोणी बघत नाही. दहा-पंधरा वर्षांत सांध्यातला माल झिजतो. पाऊस पडला की पेव्हरच्या फटीतून पाणी खाली उतरतं, वाळूच्या थरातून सखल बाजूला जातं, आणि चेंबरच्या सांध्यात बोटभर भोक मिळालं की तिथून आत शिरतं. पाण्याबरोबर वाळू जाते. ब्लॉक उचलून भिंतीशी हात नेला तर विटांच्या मधून गार हवा आणि गटाराचा वास येतो. हीच खूण. चेंबरचं झाकण उघडून टॉर्चने पाहिलं तर आत भिंतीवर वाळूचे ओघळ आणि तळाला पांढरट वाळूचा ढीग दिसतो. तुमची मागच्या वर्षीची वाळूची गाडी तिथे आहे.

झाकण उघडून वरूनच बघायचं. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. आतला वायू जीव घेतो, आणि संरक्षक साधनांशिवाय सफाईसाठी गटारात माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. खालची सगळी दुरुस्ती बाहेरून होते.

चेंबरच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट पेव्हर उचला. भिंतीलगत सुमारे दीड फूट रुंद आणि भोक सापडेपर्यंत खोल खणा. साधारण दोन फुटांच्या आत ते सापडतं. विटांचे सांधे 10-15 मिमी खोल खरडून साफ करा, पाणी मारा, 1:3 मालाने (सिमेंट:वाळू) भरा आणि बाहेरून 20 मिमी गिलावा करा, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर घाला. किमान तीन दिवस ओलं ठेवा. मग खणलेली जागा मातीने भरू नका. चेंबरच्या भिंतीलगत प्लेट कॉम्पॅक्टर (ठोकाईचं मशीन) नीट बसत नाही, त्यामुळे तिथली माती कधीच घट्ट होत नाही आणि पुढच्या वर्षी ती बसते. ती जागा 1:4:8 च्या (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटने पायाच्या पातळीपर्यंत भरून टाका. त्याच्यावर, झाकणाच्या चौकटीभोवती, एम-20 प्रतीच्या काँक्रीटची 150 मिमी रुंद आणि 200 मिमी खोल कॉलर घाला. चौकट त्या कॉलरमध्ये पक्की बसली पाहिजे, नाहीतर गाडी गेली की झाकण खडखडतं आणि सांधा पुन्हा उघडतो. कॉलरला सात दिवस पाणी मारा.

पेव्हर परत लावताना वाळूखाली 150-200 जीएसएमचं (ग्रॅम प्रति चौरस मीटर) न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड घाला. कापड कॉलरच्या भिंतीवर वाळूच्या उंचीपर्यंत वर वळवून घ्या. पाणी कापडातून जातं, वाळू जात नाही. एवढा एक कापडाचा तुकडा वाचवण्यात काही अर्थ नाही. शेवटी, कॉलरला लागून येणारे ब्लॉक ठोकल्यानंतर कॉलरपेक्षा 3 ते 5 मिमी वर राहू द्या. पहिल्या पावसाळ्यात ते तेवढे बसतात आणि सपाट होतात. पहिल्याच दिवशी सपाट ठेवले तर चेंबर वर आणि ब्लॉक खाली, अशी पुन्हा बशीच.

गच्चीचा पावसाचा पाइप थेट पेव्हरवर सुटलेला असेल तर तिथेही असंच होतं, फक्त वेगाने. 2,000 चौरस फुटांच्या गच्चीवर तासाला 50 मिमी पाऊस पडला तर 9,000 लिटरहून जास्त पाणी होतं. चार पाइपांत विभागलं तरी एकेका पाइपातून मिनिटाला दोन बादल्या एकाच जागेवर आपटतात. त्या धारेखालच्या फटीत वाळू टिकत नाही. पाइप बंद वाटेने गटारापर्यंत न्या, नाहीतर निदान त्याच्या तोंडाखाली 2 फूट × 2 फूट काँक्रीटची थाळी आणि तिथून गटारापर्यंत उघडी पन्हळ करा.

टँकरच्या चाकोऱ्या आणि काँक्रीटचा टब

10,000 लिटरचा टँकर म्हणजे 10 टन पाणी आणि वर गाडीचं पाच-सहा टन वजन. असा टँकर रोज सकाळी टाकीपाशी मागेपुढे करतो आणि उभ्या जागी चाकं वळवतो. तिथे 60 मिमीचा ब्लॉक हे चुकीचं माप आहे. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस 15658 मध्ये, ब्लॉकची जाडी आणि प्रत रहदारीप्रमाणे दिलेली आहे. आवारासाठी हिशेब असा धरा: फक्त माणसं चालणार तिथे 50-60 मिमी; खाजगी गाड्या उभ्या राहणार तिथे 60 मिमी, एम-35; टँकर, कचऱ्याची गाडी, अग्निशमनची गाडी जाणार तिथे 80 मिमी, एम-40; टँकर वळतो तेवढ्या भागात 100 मिमी, एम-50. रचना हेरिंगबोन, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवून. विटांच्या थरासारख्या सरळ रांगा चाकाच्या ओढीने रांगच्या रांग सरकतात.

पण मुंबईत जाडीपेक्षा मोठी चूक वेगळीच होते. ‘खाली पीसीसी टाकू, मग कधीच खचणार नाही’ असं ठेकेदार सांगतो (पीसीसी म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट) आणि कमिटीला ते पटतं. 100-150 मिमी पीसीसी, चारही बाजूंनी कर्ब (कडेचा उभा दगड), वर वाळू आणि पेव्हर. फटींतून उतरलेल्या पाण्याला आता खाली जायला वाट नाही, बाजूलाही नाही. जुलैभर वाळू त्या टबात बुडलेली. टँकरचं चाक वर आलं की ब्लॉक दाबला जातो, पाणी आणि बारीक वाळू फटीतून पिचकारीसारखी वर येते, चाक गेलं की पाणी परत खाली जातं. रोज सकाळी हेच. पेव्हरवर सांध्यांच्या कडेने करड्या गाळाच्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर हेच चाललंय असं समजा. पाया पक्का असूनही वर चाकोऱ्या पडतात त्या यामुळे.

पीसीसी फोडायची गरज नाही, तिला भोकं पाडा. सखल बाजूने आणि चाकोरीच्या रेषेत दर 1 ते 1.5 मीटरवर 50 मिमी व्यासाचं आरपार भोक, त्यात 10 मिमी ग्रिट (बारीक खडी) भरायची, वर जिओटेक्स्टाइलचा तुकडा, मग वाळू. खालची जमीन मुरुमाची असेल, जशी मुलुंड-भांडुपच्या डोंगराकडच्या बाजूला मिळते, तर एवढं पुरतं. खाडीकडच्या चिकणमातीत मात्र भोकातून पाणी मुरत नाही, आणि मोठ्या भरतीच्या वेळी खालूनच पाणी चढतं. तिथे गटाराच्या भिंतीत वाळूच्या तळाच्या पातळीला दर मीटरवर 40-50 मिमीची भोकं पाडा आणि त्यांच्या तोंडावर आतून कापड लावा, म्हणजे ओहोटीला तरी वाळूचा थर रिकामा होतो. पीसीसीलाही गटाराकडे ढाळ हवा. वरच्या पेव्हरला ढाळ देऊन खालची पीसीसी सपाट ठेवली की वाळूची जाडी एका टोकाला 20 आणि दुसऱ्या टोकाला 80 मिमी होते.

चर, कडा, घुशी, मुळं

लाइन टाकणारे लोक चर खणतात, पाइप ठेवतात, निघालेली माती आणि डेब्रिज एकदम परत लोटतात, वरून पायाने दाबतात आणि पेव्हर लावून जातात. तीन फूट खोल सैल भराव पहिल्याच पावसात काही इंच बसतो. उपाय एकच: चरातला भराव पाइपच्या वर 150 मिमीपर्यंत हाताने काढा. तिथे ब्रेकर लावू नका, आणि गॅसची लाइन असेल तर काम सुरू करण्याआधी गॅस कंपनीला कळवा. पाइपभोवती वाळू, मग मुरूम किंवा जीएसबी (पायासाठीची मिश्र खडी) 150 मिमीच्या थरांत, प्रत्येक थर ओला करून ठोकून. चराच्या दोन्ही बाजूंना जुना पाया 300 मिमी कापून घ्या, म्हणजे नवा पाया चराच्या कडेवर टेकतो. चर अरुंद असेल आणि कॉम्पॅक्टर आत जात नसेल तर 1:4:8 काँक्रीटने भरणं सोपं पडतं.

कडेला कर्ब नुसता मातीत उभा केलेला नको. त्याच्या मागे दोन तृतीयांश उंचीपर्यंत एम-20 काँक्रीटचा टेकू हवा. बागेच्या बाजूला हा टेकू हटकून विसरला जातो, आणि पेव्हर तिथूनच उसवायला लागतात.

घुशींचं बीळ ओळखायला सोपं: कडेला किंवा भिंतीलगत ताज्या वाळूची छोटी ढिगारी आणि खाली मुठीएवढी पोकळी. बीळ गटाराच्या किंवा कचराकुंडीच्या दिशेने जातं. त्यात काचा भरून सिमेंट ओततात, पण वाट गटाराच्या फुटलेल्या भिंतीतून येत असेल तर घूस शेजारून दुसरं बीळ काढते. आधी भिंत बुजवा, मग बीळ.

झाड असेल तर खचण्याऐवजी फुगवटा येतो. मुळं तोडून पेव्हर सपाट करणं चुकीचं आहे. झाड अस्थिर होतं आणि वादळी पावसात पडतं. बुंध्याभोवती चहूबाजूंनी किमान 1 मीटर जागा मोकळी करा, फुगवट्यावर पेव्हर हळू चढउताराने लावा. मोठ्या मुळाला हात लावायची वेळच आली तर महापालिकेच्या उद्यान खात्याला विचारल्याशिवाय लावू नका.

नव्याने करताना थर आणि मालाचा हिशेब

खालची जमीन ठोकून घट्ट करा आणि ढाळ इथूनच द्या. 1:60 चा ढाळ लक्षात ठेवायला सोपा: दर पाच फुटांना एक इंच, इमारतीपासून गटाराकडे. चिकणमाती असेल तर तिच्यावर आधी जिओटेक्स्टाइल, जोडावर 300 मिमी एकावर एक. त्यावर जीएसबी, गाड्यांसाठी ठोकून 200 मिमी आणि टँकरसाठी 300 मिमी, प्रत्येक थर 150 मिमीपेक्षा जाड नको. मिस्त्री एकदम एक फूट पसरून वरून मशीन फिरवतात. वरचे सहा इंच घट्ट होतात, खालचे सैलच राहतात आणि पावसात बसतात. वरचा पृष्ठभाग बारीक मालाने बंद करा, नाहीतर वाळू खडीच्या पोकळ्यांत उतरते.

100 चौरस फुटांना 200 मिमी जीएसबीसाठी साधारण 0.85 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) सैल माल लागतो, 300 मिमीसाठी 1.25 ब्रास. वाळू ठोकून 30 मिमी हवी, त्यासाठी 100 चौरस फुटांना 12 घनफूट. म्हणजे एका ब्रासमध्ये 800 चौरस फूट. एवढ्याच जागेला तीन ब्रास वाळू उतरत असेल तर काम थांबवा. पायाची उंच-सखल वाळूने झाकली जातेय. 200 × 100 मिमीचे ब्लॉक 100 चौरस फुटांना 465 लागतात, तोडफोड धरून 490 मागवा.

वाळू म्हणजे धुतलेली क्रश सँड, 4.75 मिमीच्या चाळणीतून जाणारी. कच स्वस्त मिळते आणि बसवायला गुळगुळीत लागते, पण तिच्यातली भुकटी पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की लोण्यासारखी वागते. तपासायला पाण्याची प्लास्टिकची बाटली पुरते: 10 सेमी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर 5-6 मिमीपेक्षा जास्त दिसला तर गाडी परत पाठवा. वाळूत सिमेंट मिसळायचा आग्रह मोडून काढा. ते मिश्रण चाकाखाली तुकडे होऊन फुटतं, आणि पुढे केबलसाठी उचलताना ब्लॉकही फुटतात.

वाळू पसरून पट्टीने ओढली की तिच्यावर पाय पडू देऊ नका. ब्लॉकमध्ये 2 ते 4 मिमी फट. कापलेला तुकडा ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान नको. आधी कोरडंच एकदा कॉम्पॅक्टर फिरवा, मग 2.36 मिमीच्या चाळणीतली कोरडी वाळू झाडूने फटीत भरत पुन्हा दोन-तीन फेऱ्या. 80 मिमी ब्लॉकच्या 100 चौरस फुटांना सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मावेल एवढी वाळू फटीतच जाते, सांडलवंड धरून दोन गोण्या ठेवा. ही फटीतली वाळूच एका ब्लॉकचं वजन शेजारच्यावर टाकते. ती रिकामी असली की प्रत्येक ब्लॉक एकटा दबतो.

थंड प्रदेशातल्या पद्धतींविषयी

इंटरनेटवर पेव्हर सपाट ठेवण्याचे जे धडे मिळतात ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे शत्रू गोठणारं पाणी. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, शिवाय बारीक मातीत बर्फाचे थर खालून पाणी ओढून घेत वाढतात आणि फरशी वर उचलतात. वसंतात बर्फ वितळला की तीच माती मऊ पडते. म्हणून तिथे पाया जास्त खोल, खडी बारीक माल नसलेली आणि पाण्याला वाट ठेवलेली असते. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही, पण पावसाळ्यात 2,000 मिमीहून जास्त पाऊस आहे. 1,000 चौरस फुटांवर 1.85 लाख लिटरहून जास्त पाणी, म्हणजे अठराहून जास्त टँकर. त्यांची पाण्याला वाट देण्याची आणि कडा बांधण्याची शिस्त जशीच्या तशी घ्या. खोदाईची खोली मात्र त्यांच्या हिवाळ्यावरून ठरलेली असते, ती इथे कामाची नाही. पाण्याने घट्ट होणारी तयार वाळू वापरायची तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच वापरा. तिला आधी पूर्ण कोरडी फट आणि नंतर एक-दोन कोरडे दिवस लागतात. जूनमध्ये ती घट्ट होण्याआधीच धुऊन जाते.

काम ताब्यात घेताना

मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून. काम 15 मेपर्यंत संपेल असं लिहून घ्या, म्हणजे ठोकाई घाईत उरकली जात नाही. ताबा घेताना 3 मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून बघा, खाली 10 मिमीपेक्षा जास्त उजेड नको. मग पाइपने वीस मिनिटं पाणी सोडा आणि साचलेल्या जागांभोवती खडू फिरवा. बिलाचा दहावा हिस्सा ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवायची अट निविदेतच घाला, नंतर कोणी ऐकत नाही. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर फटीतली वाळू 5-10 मिमी खाली जाते, ते साहजिक आहे. ऊन पडलेल्या दिवशी दोन गोण्या कोरडी वाळू झाडून घ्या. आणि गाड्या धुणाऱ्याला प्रेशर जेट ब्लॉकच्या सांध्यावर मारू देऊ नका, तो पावसाने महिन्याभरात काढली नसती एवढी वाळू दहा मिनिटांत उडवतो.